वेबसाइट बांधतानाच एसईओ कसं बसवायचं

साइट तयार होते, लाइव्ह जाते आणि दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी म्हणतं, 'आता एसईओ करून घेऊ,' म्हणजे सर्च इंजिनच्या निकालांत साइट वर यावी अशी तयारी. त्या वेळी टायटल बदलता येतात, मजकूर सुधारता येतो, चित्रांना वर्णनं देता येतात. ही कामं कधीही केली तरी चालतात. पण पेजचे पत्ते (यूआरएल) कसे असतील, मजकूर सर्व्हरवर तयार होईल की वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये, फिल्टर लावल्यावर नवा पत्ता जन्माला येईल का, सीएमएसमध्ये, म्हणजे मजकूर भरायच्या यंत्रणेत, कोणते रकाने असतील, हे सगळं पहिल्या दोन-चार आठवड्यांत ठरून गेलेलं असतं. ते नंतर बदलायचं म्हणजे राहत्या घराचं प्लंबिंग उखडण्यासारखं. म्हणून इथे भर आहे तो नंतर दुरुस्त न होणाऱ्या गोष्टींवर. वरवरच्या गोष्टी पटकन उरकल्या आहेत.

आधी पेजांची यादी

डिझाइन सुरू होण्यापूर्वी एक स्प्रेडशीट करा. एका ओळीत एक पेज-प्रकार: मुख्य पेज, विभाग, वस्तू, लेख, लेखक, शोधाचे निकाल, लॉगिन, कार्ट. प्रत्येकापुढे लिहा: या पेजवर माणूस काय शोधत येईल, पत्त्याचा नमुना काय, इंडेक्स व्हायला (सर्च इंजिनच्या यादीत यायला) हवं की नको, टायटल कुठल्या रकान्यांतून बनेल, आणि या पेजकडे लिंक कुठून येईल. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा राहतो आणि तिथेच अनाथ पेजं जन्मतात: डेटाबेसमध्ये आहेत, पण साइटवर फिरून त्यांच्यापर्यंत पोचताच येत नाही.

लोक काय शब्द टाकून शोधतात त्याची यादीही याच टप्प्यावर हवी, कारण तिच्यावरून पेज-प्रकार ठरतात. दोन शोधांसाठी एक पेज करायचं की दोन, हा वाद बैठकीत घालण्यापेक्षा दोन्ही शब्द सर्च इंजिनमध्ये टाकून पाहा. पहिल्या पानावरचे निकाल बरेचसे तेच असतील तर एक पेज पुरे. वेगळे असतील तर दोन. एकाच गरजेसाठी दोन पेजं बांधली की ती एकमेकांच्या पायात पाय घालतात, आणि कुठलं वर दाखवायचं हे सर्च इंजिन आपल्याला न विचारता ठरवतं.

पत्ते

नियम थोडे आहेत, पण कोड लिहिण्याआधी कागदावर हवेत. रोमन अक्षरं लहान (लोअरकेस), शब्दांमध्ये हायफन, पत्त्यात सेशन आयडी (प्रत्येक भेटीला बदलणारा क्रमांक) नाही, डॉट पीएचपीसारखं तंत्रज्ञान उघडं करणारं शेपूट नाही. उद्या प्रोग्रामिंगची भाषा बदलली तर सगळे पत्ते बदलावे लागू नयेत. एखादी वस्तू दोन विभागांत येऊ शकत असेल तर तिच्या पत्त्यात विभागाचं नाव घालू नका, नाहीतर एकाच वस्तूचे दोन पत्ते होतात आणि विभागाची फेररचना झाली की दोन्ही मोडतात.

सर्वांत टिकाऊ नमुना म्हणजे आकडी आयडी आणि त्यापुढे वाचता येणारा स्लग, म्हणजे नावावरून बनवलेला पत्त्याचा तुकडा. सर्व्हर फक्त आयडी पाहतो. स्लग चुकीचा किंवा जुना असेल तर योग्य पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट करतो, म्हणजे कायमचं तिकडे वळवतो. नाव कितीही वेळा बदललं तरी जुन्या लिंक जिवंत राहतात.

एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना, असे चार दरवाजे प्रत्येक साइटला असतात. शेवटी तिरकी रेघ असणं-नसणं धरलं तर आठ. त्यातला एक निवडा आणि बाकीचे एकाच उडीत तिकडे वळवा. 'एकाच उडीत' हे महत्त्वाचं. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक नियम एचटीटीपीएस लावतो, दुसरा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू काढतो, तिसरा फ्रेमवर्कमधून तिरकी रेघ जोडतो, अशी तीन रीडायरेक्टची साखळी नकळत तयार होते. गूगलबॉट (पेजं आणणारा गूगलचा प्रोग्रॅम) एका साखळीत १० उड्यांपर्यंत जातो, पण प्रत्येक उडीला वेळ लागतो आणि मोबाइलवरच्या माणसाला तो जाणवतो.

मराठी पत्ते ठेवायचे का? सर्च इंजिनला ते व्यवस्थित वाचता येतात. अडचण वेगळी आहे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे वेबवर अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचा प्रत्येक वर्ण, मात्रा आणि हलन्तचिन्ह ३ बाइट घेतं आणि कॉपी केलेल्या पत्त्यात त्या प्रत्येक बाइटची ३ चिन्हं होतात. म्हणजे 'पुस्तक' या सहा घटकांच्या शब्दाची ५४ चिन्हं. चॅटमध्ये चिकटवल्यावर तो पत्ता चार ओळींचा दिसतो, आणि डेटाबेसमध्ये स्लगच्या रकान्याला २५५ चिन्हांची मर्यादा असेल तर मध्येच कापला जातो. देवनागरी निवडा किंवा रोमन, पण पहिल्या दिवशी निवडा आणि देवनागरी असेल तर रकान्याची लांबी आधी तपासा.

सीएमएसमध्ये स्लग बदलता येत असेल तर रीडायरेक्टची टेबल त्याच दिवशी बांधा: जुना पत्ता, नवा पत्ता, कोड, तारीख. संपादकाने स्लग बदलून सेव्ह केलं की नोंद आपोआप पडली पाहिजे. आणि नवी नोंद पडताना, जुन्या ज्या नोंदी आधीच्या पत्त्याकडे बोट दाखवत होत्या त्या थेट नव्या पत्त्याकडे वळवा. ही ओळ लिहायला दहा मिनिटं लागतात. विसरली तर दोन वर्षांत साखळ्यांचं जाळं होतं.

मजकूर कुठे तयार होतो

सर्च इंजिनचं काम तीन टप्प्यांत चालतं: पेज आणणं म्हणजे क्रॉल, ते ब्राउझरसारखं उघडून पाहणं म्हणजे रेंडर, आणि मग साठवणं म्हणजे इंडेक्स. रिअ‍ॅक्ट, व्ह्यू किंवा अँग्युलर अशी जावास्क्रिप्टची साधनं वापरून सगळं पेज ब्राउझरमध्येच बनवायचं ठरवलं, की पहिल्या टप्प्यात सर्च इंजिनच्या हाती जवळपास रिकामा सांगाडा येतो. गूगल जावास्क्रिप्ट चालवतं. २०१९ पासून त्यासाठी क्रोमियमची ताजी आवृत्ती वापरतं. तरीही रेंडरिंगसाठी पेज रांगेत थांबतं, त्यातली एखादी फाइल किंवा एपीआय (डेटा देणारा दुवा) अडली तर अर्धवट पेज साठवलं जातं. शिवाय जगात गूगल एकटं नाही. चॅटमध्ये लिंक टाकल्यावर जो छोटा प्रीव्ह्यू दिसतो तो बनवणारे बॉट जावास्क्रिप्ट चालवत नाहीत, त्यामुळे प्रत्येक पेजचा प्रीव्ह्यू सारखाच दिसतो.

त्यामुळे जी पेजं शोधात यायला हवीत त्यांचा मुख्य मजकूर, लिंक, टायटल, कॅनॉनिकल (सारख्या पेजांतलं खरं कोणतं हे सांगणारा टॅग) हे सगळं सर्व्हरकडून आलेल्या पहिल्या एचटीएमएलमध्येच असावं. मजकूर क्वचित बदलत असेल तर बिल्डच्या वेळी स्थिर पेजं बनवा. सतत बदलत असेल तर सर्व्हर-साइड रेंडरिंग. लॉगिनमागचा डॅशबोर्ड मात्र खुशाल ब्राउझरमध्ये बनवा. तो कुणी शोधणार नाही आणि तिथे ही कसरत वाया जाते. बॉटला वेगळं, माणसाला वेगळं असं दुहेरी रेंडरिंग आज नव्याने बांधू नका. गूगल स्वतः त्याला तात्पुरती सोय म्हणतं, आणि दोन रस्ते सांभाळायचे म्हणजे दोन्हींतले बग सांभाळायचे.

तपासायची रीत सोपी आहे. ब्राउझरमध्ये 'इन्स्पेक्ट' करू नका, कारण ते जावास्क्रिप्ट चालून झाल्यावरचं पेज दाखवतं. 'व्ह्यू सोर्स' करा, किंवा टर्मिनलवरून कर्ल या कमांडने पेज आणा आणि त्यात मुख्य परिच्छेदातलं एक वाक्य शोधा. सापडलं नाही तर सर्व्हर ते पाठवत नाही.

या टप्प्यावर होणाऱ्या चुका ठराविक आहेत:

- लिंकऐवजी डिव्ह किंवा बटणाला क्लिकचा इव्हेंट लावलेला असतो. सर्च इंजिन ए टॅग आणि त्याच्या एचरेफमधला खरा पत्ता याच वाटेने पुढे जातं. ते बटणं दाबत बसत नाही.
- राउटर (पत्त्यावरून पेज ठरवणारा कोड) हॅशवर (# चिन्हावर) चालतो. पत्त्यातल्या हॅशनंतरचा भाग सर्च इंजिन वगळतं, म्हणजे त्याच्या लेखी शंभर पेजांचं एकच पेज. हिस्टरी एपीआय वापरणारा राउटर घ्या.
- 'आणखी दाखवा' दाबल्यावर किंवा खाली सरकल्यावर मजकूर येतो. बॉट सरकत नाही, दाबतही नाही. अखंड स्क्रोल ठेवायचाच असेल तर त्याखाली पेज दोन, पेज तीन असे खरे पत्ते आणि खऱ्या लिंक असू द्या.
- नसलेल्या वस्तूच्या पत्त्यावर 'सापडलं नाही' असं लिहिलेलं पेज दिसतं, पण सर्व्हर २०० ('सगळं ठीक') हाच कोड देतो. याला सॉफ्ट ४०४ म्हणतात.
- पहिल्या एचटीएमएलमध्ये नोइंडेक्स ('यादीत घेऊ नका' ही सूचना) आहे आणि नंतर जावास्क्रिप्टने ते काढलं जातं. नोइंडेक्स दिसल्यावर गूगल रेंडरिंग टाळू शकतं, त्यामुळे ते काढल्याचं त्याला कधी कळतच नाही.

सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत जो आकडा पाठवतो त्या स्टेटस कोडबद्दल दोन वाक्यं, कारण फ्रेमवर्क इथे हमखास गोंधळ घालतात. कायमचं हललं तर ३०१ किंवा ३०८, थोड्या दिवसांपुरतं ३०२, गेलं आणि परत येणार नाही तर ४०४ किंवा ४१०, देखभालीसाठी साइट बंद असेल तर ५०३. देखभालीचं पेज २०० देऊन दाखवलं तर 'आम्ही लवकरच येत आहोत' हाच मजकूर प्रत्येक पेजच्या नावावर साठवला जातो.

फिल्टर: इथे गणित करा

एका विभागात ६ रंग, ८ मापं, किमतीचे ५ टप्पे आणि मांडणीचे ४ क्रम असे फिल्टर आहेत असं धरू. प्रत्येक फिल्टर रिकामाही ठेवता येतो. म्हणजे ७ × ९ × ६ × ५ = १८९०. एका विभागाचे १८९० पत्ते. असे २० विभाग असतील तर ३७,८००, आणि विकायच्या वस्तू कदाचित पाचशे. शिवाय पत्त्यात आधी रंग मग माप, किंवा आधी माप मग रंग, असं दोन्ही चालत असेल तर चार पॅरामीटरचा (पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर येणाऱ्या तुकड्यांचा) एकच संच २४ वेगवेगळ्या क्रमांनी लिहिता येतो. क्रॉलर या जंगलात शिरला की कामाच्या पेजांपर्यंत उशिरा पोचतो.

उपाय आधी ठरवायचा असतो. कोणत्या जोड्या लोक खरोखर शोधतात? 'काळे बूट' शोधत असतील, 'काळे बूट, माप ८, किंमत चढत्या क्रमाने' कुणी शोधत नाही. जी जोडी शोधली जाते तिला स्वतःचा स्वच्छ पत्ता, स्वतःचं टायटल आणि एच१ द्या, तिच्याकडे विभागातून लिंक द्या, साइटमॅपमध्ये (सर्च इंजिनला द्यायच्या पत्त्यांच्या यादीत) घाला. बाकीच्या जोड्या पॅरामीटरने चालू द्या, पॅरामीटरचा क्रम कोडमध्ये पक्का करा आणि ते पॅरामीटर रोबॉट्स डॉट टीएक्सटी या बॉटसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये बंद करा. किंवा ते फिल्टर पत्ता न बदलता पेजवरच चालवा. फक्त कॅनॉनिकल लावून भागत नाही, कारण कॅनॉनिकल वाचायला पेज आधी आणावंच लागतं, म्हणजे क्रॉलची बचत होत नाही.

साइटच्या आतल्या शोधाचे निकाल आणि 'पुढचा महिना' असं अनंतापर्यंत जाणारं कॅलेंडर हे याच जातीचे सापळे. कॅलेंडरला शेवटचा महिना ठरवून द्या.

मात्र साइट शंभर-दोनशे पेजांची असेल तर क्रॉल बजेट (सर्च इंजिन एका साइटवरून किती पेजं आणेल याची मर्यादा) या शब्दाने घाबरून जाऊ नका. गूगलचं स्वतःचं मार्गदर्शन साधारण दहा लाखांहून जास्त पेजं असणाऱ्या, किंवा दहा हजारांहून जास्त पेजं रोज बदलणाऱ्या साइटसाठी आहे. पण वरचं गणित दाखवतं की पाचशे वस्तूंचं दुकानही बेफिकीर फिल्टर लावून स्वतःला त्या रांगेत नेऊन बसवू शकतं.

रोबॉट्स, नोइंडेक्स, कॅनॉनिकल

तिन्ही एकाच कामाची हत्यारं समजली जातात आणि सगळा घोळ तिथे सुरू होतो. रोबॉट्स डॉट टीएक्सटी म्हणते: इथे येऊ नका. ही रीत १९९४ पासूनची आहे आणि २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजात अधिकृत झाली. नोइंडेक्स म्हणतं: या, वाचा, पण यादीत घेऊ नका. कॅनॉनिकल म्हणतं: यासारखी अनेक आहेत, त्यातलं खरं हे धरा.

आता एखादं पेज यादीतून काढायचं म्हणून कुणी नोइंडेक्स लावतं आणि 'खबरदारी' म्हणून रोबॉट्समध्येही बंद करतं. बॉट आतच येऊ शकत नाही, त्यामुळे नोइंडेक्स त्याला दिसतच नाही. बाहेरून कुणी त्या पेजला लिंक दिली असेल तर वर्णनाविना नुसता पत्ता निकालांत दिसत राहतो. दोन्हींपैकी एकच लावा. रोबॉट्स फाइलमध्ये नोइंडेक्स लिहिण्याची पळवाट गूगलने सप्टेंबर २०१९ पासून बंद केली आहे, तरी जुन्या टेम्प्लेटमध्ये ती ओळ अजून सापडते. पीडीएफमध्ये मेटा टॅग लिहिता येत नाही. तिथे एक्स-रोबॉट्स-टॅग हा एचटीटीपी हेडर वापरा.

रोबॉट्स फाइल कुणालाही उघडून वाचता येते, म्हणून गुप्त फोल्डरची नावं तिथे लिहिणं म्हणजे चोराला पत्ता देणं. आणि सीएसएस, जावास्क्रिप्ट किंवा मजकूर आणणारी एपीआय तिथे बंद करू नका, नाहीतर रेंडरिंगमध्ये पेज मोडकं दिसतं.

कॅनॉनिकल प्रत्येक पेजवर असावं, पूर्ण पत्त्यासह, स्वतःकडे बोट दाखवणारं. ते ब्राउझरने मागितलेल्या पत्त्यावरून बनवू नका. डेटाबेसमधल्या पत्त्यावरून बनवा. मागितलेल्या पत्त्यावरून बनवलं तर जाहिरातीच्या ट्रॅकिंगचे पॅरामीटरही कॅनॉनिकलमध्ये शिरतात आणि त्याचा उपयोगच संपतो. यादीच्या दुसऱ्या पेजचं कॅनॉनिकल पहिल्या पेजकडे लावणं हीही चूक आहे. दुसऱ्या पेजवर वेगळ्या वस्तू आहेत. शेवटी कॅनॉनिकल ही सूचना आहे, हुकूम नाही. आतल्या लिंक एका पत्त्याला, साइटमॅप दुसऱ्याला आणि कॅनॉनिकल तिसऱ्याला अशी स्थिती असेल तर सर्च इंजिन स्वतःच्या बुद्धीने निवडतं.

टेम्प्लेट आणि सीएमएसचे रकाने

प्रत्येक पेज-प्रकाराला सीएमएसमध्ये हे रकाने वेगळे हवेत: दिसणारं शीर्षक, सर्चसाठीचं टायटल, वर्णन, स्लग, शेअर करायचं चित्र, चित्राचं पर्यायी वर्णन, इंडेक्स हो/नाही, कॅनॉनिकल बदलायची सोय. टायटलचा रकाना रिकामा राहिला तर काय करायचं हे कोडमध्ये लिहा: दिसणारं शीर्षक घ्या, पुढे साइटचं नाव जोडा. रकाना सक्तीचा केला तर संपादक तिथे तोच मजकूर चिकटवतात, म्हणून न भरल्यास चालेल असा चांगला नमुना जास्त उपयोगी. टायटलला अक्षरांची ठरलेली मर्यादा नाही. निकालांत ते रुंदीनुसार कापलं जातं. म्हणून ओळखीचा शब्द आधी, साइटचं नाव शेवटी. मेटा कीवर्ड्सचा रकाना काढून टाका. गूगल तो विचारात घेत नाही, हे २००९ मध्येच सांगितलं गेलं आहे.

एच१, एच२ हे अक्षरांच्या आकारासाठी वापरू नका. डिझाइनरने मोठं अक्षर मागितलं म्हणून फूटरमध्ये एच२ टाकला जातो. आकार सीएसएसने द्या, रचना हेडिंगने.

स्ट्रक्चर्ड डेटा, म्हणजे पेजवरची माहिती सर्च इंजिनला खुणांनी सांगणारा कोड, जेसन-एलडी स्वरूपात, त्याच टेम्प्लेटमधून, त्याच व्हेरिएबलमधून बाहेर पडला पाहिजे ज्यातून दिसणारी किंमत आणि नाव येतं. प्लगइन एक किंमत सांगतं आणि पेज दुसरी, असं झालं की निकालांतलं विशेष रूप जातं. लेख, वस्तू, ब्रेडक्रंब (पेजपर्यंतची विभागांची वाट), संस्था एवढे प्रकार बहुतेक साइटना पुरतात. प्रश्नोत्तरांचं विशेष रूप गूगलने २०२३ मध्ये प्रामुख्याने सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरतं आवरलं, कृती-मार्गदर्शनाचं तर त्याच वर्षी काढूनच टाकलं. तेव्हा त्यासाठी नवा कोड लिहिण्यात वेळ घालवू नका.

साइट अनेक भाषांत असेल तर प्रत्येक भाषेला स्वतंत्र पत्ता द्या. कुकी पाहून त्याच पत्त्यावर भाषा बदलू नका. एचरेफलँगच्या (दुसऱ्या भाषेतलं पेज दाखवणाऱ्या) लिंक दोन्ही बाजूंनी हव्यात: मराठी पेज इंग्रजीकडे बोट दाखवतं आणि इंग्रजी परत दाखवत नाही, तर ती जोडी धरली जात नाही. आयपीवरून देश ओळखून जबरदस्तीने रीडायरेक्ट करणं टाळा. बॉट बहुतेक वेळा एकाच देशातून येतो आणि बाकीच्या भाषा त्याला दिसतच नाहीत.

वेग: आकडे आधीच ठरवा

कोअर वेब व्हायटल्स या गूगलच्या मापांचे तीन आकडे करारातच लिहा. सर्वांत मोठा घटक दिसेपर्यंतचा वेळ, म्हणजे एलसीपी, २.५ सेकंदांच्या आत. दाबल्यावर प्रतिसाद मिळेपर्यंतचा वेळ, म्हणजे आयएनपी, २०० मिलिसेकंदांच्या आत. पेज हलण्याचं माप, म्हणजे सीएलएस, ०.१ च्या आत. मार्च २०२४ मध्ये आयएनपीने एफआयडी या जुन्या मापाची जागा घेतली, त्यामुळे जुन्या चेकलिस्ट तपासून घ्या. हे आकडे खऱ्या वापरकर्त्यांच्या २८ दिवसांच्या नोंदींवरून मोजतात आणि १०० पैकी ७५ भेटींमध्ये मर्यादा पाळली गेली पाहिजे. म्हणून ऑफिसच्या जलद वाय-फायवर हिरवं दिसलं याचा अर्थ फारसा नाही. गूगलच्या लाइटहाउस या साधनाच्या नेहमीच्या पेज-लोड चाचणीत आयएनपी मोजलं जात नाही. कुणी दाबतच नसतं.

एलसीपी बिघडवणारी नेहमीची चूक म्हणजे पहिल्या पडद्यावरच्या मोठ्या चित्रालाही लेझी लोडिंग (गरज पडल्यावरच चित्र आणणं) लावणं. सरसकट सगळ्या चित्रांना लावणारं कंपोनेंट लिहिलं की हे होतंच. त्या एका चित्राला लेझी काढा, फेचप्रायॉरिटी हाय द्या, आणि ते सीएसएसच्या पार्श्वभूमीत न ठेवता इमेज टॅगमध्ये ठेवा, म्हणजे ब्राउझरला ते लवकर सापडतं. सर्व्हरचा पहिला बाइट ८०० मिलिसेकंदांच्या आत यायला हवा. तिथेच दोन सेकंद गेले तर चित्रं पिळून काही हाती लागत नाही.

सीएलएससाठी प्रत्येक इमेज टॅगला रुंदी आणि उंची लिहा, जाहिरातीच्या जागेला किमान उंची द्या, आणि कुकीची पट्टी मजकूर खाली न ढकलता त्यावर तरंगू द्या. देवनागरी फॉन्ट हा वेगळाच विषय आहे: जोडाक्षरांमुळे त्यांच्या फाइली रोमन फॉन्टपेक्षा जड असतात. डब्ल्यूओएफएफ२ हे दाबलेलं स्वरूप वापरा, दोनच वजनं ठेवा, देवनागरी आणि रोमन भाग युनिकोड-रेंजने वेगळे करा. फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप दिल्यावर आधी पर्यायी आणि मग खरा फॉन्ट येतो. दोघांच्या मात्रांची उंची वेगळी असेल तर ओळी उडी मारतात, म्हणून पर्यायी फॉन्टचं माप साइझ-अ‍ॅडजस्टने जुळवून घ्या. फॉन्टचा सबसेट (लागतील तेवढ्याच अक्षरांचा संच) करताना जोडाक्षरांचे नियम कापले गेले तर 'क्ष' आणि 'त्र' फुटतात. सबसेट केल्यावर जोडाक्षरांनी भरलेला एक परिच्छेद डोळ्यांनी वाचून पाहा.

आयएनपी बहुतेकदा बाहेरच्या स्क्रिप्ट बिघडवतात: चॅटचं बटण, हीटमॅप, चार प्रकारचं ट्रॅकिंग. टॅग मॅनेजरमध्ये (अशा स्क्रिप्ट जोडायच्या साधनात) कोण काय टाकू शकतं हे आधीच ठरवा. डेव्हलपरने महिनाभर कमावलेला वेग तिथे एका दुपारी जातो.

मोबाइलबद्दल एवढंच: गूगल आता पेजची मोबाइल आवृत्ती पाहून इंडेक्स करतं. मोबाइलवर जागा नाही म्हणून मजकूर घडीत झाकला तर चालतं. काढूनच टाकला तर तो सर्च इंजिनसाठी नाहीच.

साइटमॅप

ती हाताने बनवायची फाइल नव्हे. डेटाबेसच्या एका क्वेरीतून बनवा, आणि क्वेरीची अट एकच: २०० देणारी, इंडेक्स होणारी, स्वतःच कॅनॉनिकल असलेली पेजं. एका फाइलला ५०,००० पत्ते आणि न दाबलेल्या स्वरूपात ५० एमबी ही मर्यादा आहे. जास्त असतील तर तुकडे करून इंडेक्स फाइल द्या. पेज-प्रकारानुसार तुकडे केले तर नंतर कुठल्या प्रकारात अडचण आहे ते सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात लगेच कळतं. लास्टमॉडमध्ये मजकूर खरोखर बदलल्याची तारीख घाला. प्रत्येक बिल्डला सगळ्या पेजांवर आजची तारीख पडत असेल तर त्यावरचा विश्वास उडतो. प्रायॉरिटी आणि चेंजफ्रीक हे रकाने गूगल पाहत नाही.

स्टेजिंगपासून लाइव्हपर्यंत

स्टेजिंग साइट, म्हणजे लाइव्ह जाण्याआधीची चाचणीची प्रत, पासवर्डमागे ठेवा. रोबॉट्स फाइल किंवा नोइंडेक्सवर ती झाकली, की लाँचच्या रात्री तीच सेटिंग लाइव्ह साइटवर जाते आणि पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात येतं. वर्डप्रेसमध्ये 'वाचन' सेटिंगमधली सर्च इंजिनना परावृत्त करणारी चौकट हे याचं ठरलेलं ठिकाण. पासवर्ड चुकून राहिला तर तो पहिल्याच मिनिटाला कळतो, हा त्याचा मोठा फायदा.

तपासणी माणसाच्या आठवणीवर सोडू नका. डिप्लॉयच्या (नवा कोड लाइव्ह नेण्याच्या) पाइपलाइनमध्ये प्रत्येक पेज-प्रकाराचा एक नमुना पत्ता घेऊन चाचण्या लावा: कोड २०० आहे का, नोइंडेक्स नाही ना, टायटल रिकामं नाही ना, एच१ आहे का, कॅनॉनिकल लाइव्ह डोमेनचं आहे का, मुद्दाम चुकीचा पत्ता ४०४ देतो का. एक जरी नापास झाली तर डिप्लॉय थांबला पाहिजे. स्टेजिंगचं डोमेन कॅनॉनिकलमध्ये किंवा साइटमॅपमध्ये राहून जाणं ही चूक दिसते छोटी, पण तिच्यामुळे सगळी साइट 'मी नाही, ती खरी' असं सांगत राहते.

जुन्या साइटच्या जागी नवी येत असेल तर रीडायरेक्टची यादी तीन ठिकाणांहून गोळा करा: जुन्या साइटचा पूर्ण क्रॉल, सर्च कन्सोलमधली क्लिक मिळणारी पेजं, आणि सर्व्हरच्या नोंदी. एकट्या क्रॉलमध्ये अनाथ पेजं सापडत नाहीत. स्क्रीमिंग फ्रॉग या क्रॉल करणाऱ्या प्रोग्रॅमची मोफत आवृत्ती ५०० पत्त्यांपर्यंत चालते, छोट्या साइटला तेवढं पुरतं. प्रत्येक जुना पत्ता त्याच विषयाच्या नव्या पेजकडे जावा. समतुल्य पेज नसेल तर ४०४ किंवा ४१० प्रामाणिकपणे द्या. सगळं मुख्य पेजकडे वळवणं म्हणजे सॉफ्ट ४०४ला आमंत्रण. चित्रांचे पत्तेही विसरू नका. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा, खरं तर काढायचं कारणच नाही. आणि डिझाइन, डोमेन, पत्ते, सीएमएस हे सगळं एकाच रात्री बदलणं शक्य तिथे टाळा. साइटवरची वर्दळ घटली तर कशामुळे हे शोधता येत नाही.

लाँचच्या दिवशी क्रम असा:

१. पासवर्ड काढा, लगेच रोबॉट्स फाइल ब्राउझरमध्ये उघडून वाचा. गूगल ती साधारण २४ तासांपर्यंत साठवून ठेवतं, त्यामुळे चुकलेली ओळ दिवसभर छळू शकते.
२. आठही दरवाजे कर्लने तपासा, निवडलेला सोडून प्रत्येकी एकच उडी.
३. जुन्या पत्त्यांची पूर्ण यादी स्क्रिप्टमधून चालवून शेवटचा कोड पाहा.
४. सर्च कन्सोलमध्ये डीएनएसच्या नोंदीने डोमेन प्रॉपर्टी जोडा, साइटमॅप द्या. बिंग वेबमास्टर टूल्सलाही द्या.
५. प्रत्येक पेज-प्रकाराचा एक पत्ता यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये टाकून रेंडर झालेलं एचटीएमएल वाचा.

पुढचे काही आठवडे पेज इंडेक्सिंगचा अहवाल पाहत राहा. 'सापडलं, अजून इंडेक्स नाही' असं दिसलं तर सर्च इंजिनला पत्ता माहीत आहे, पण पेज आणायला ते आलेलं नाही: सर्व्हर मंद आहे, पत्ते फार झालेत किंवा आतून लिंक कमी आहेत. 'क्रॉल केलं, अजून इंडेक्स नाही' असेल तर पेज पाहून झालं आहे आणि ठेवण्याजोगं वाटलेलं नाही. तिथे कोडपेक्षा मजकुरात आणि एकसारख्या पेजांत कारण शोधा.

अहवालात क्रॉल अचानक थांबलेला दिसला आणि साइट तर नीट उघडते आहे, अशा वेळी आधी फायरवॉल किंवा सीडीएनचं (मजकूर पोचवणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्याचं) बॉट-संरक्षण तपासा. ते खऱ्या गूगलबॉटलाही ४०३ (प्रवेश नाही) देऊन परत पाठवत असतं, आणि माणसाला ते कधीच दिसत नाही. सर्व्हरच्या नोंदीत गूगलबॉट नाव लावून आलेल्या आयपीवर उलटा डीएनएस शोध (आयपीवरून नाव काढणं) करा: उत्तर गूगलबॉट डॉट कॉम किंवा गूगल डॉट कॉमने संपलं पाहिजे आणि त्या नावावरून पुन्हा तोच आयपी मिळाला पाहिजे. जुळलं तर त्याला वाट मोकळी करून द्या, नाही जुळलं तर तो तोतया आहे, त्याला अडवलेलंच बरं.